वादळाचं पान आणि अलिबागची तबकडी

2 सप्टेंबर 1859 ची सकाळ. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एक चुंबक दोन बारीक धाग्यांना टांगलेला आहे. त्याला जोडलेल्या आरशात एका मोजपट्टीचं प्रतिबिंब पडतं आणि काही अंतरावरच्या छोट्या दुर्बिणीतून निरीक्षक ते वाचतो. चुंबक केसभर वळला तरी पट्टीवरचा आकडा सरकतो. दर तासाला आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, शेजारच्या तापमापकाची नोंद करायची. चुंबक अस्वस्थ दिसला तर तासाची वाट पाहायची नाही, दर पंधरा मिनिटांनी वाचायचं, आणि फारच अस्वस्थ झाला तर दर पाच मिनिटांनी. वेधशाळेचा नियमच तसा होता.

त्या सकाळी दहा वाजून गेल्यावर आकडा घसरू लागला. रोजच्या दिवसात पृथ्वीच्या चुंबकीय बलाचा आडवा घटक इथे पन्नास-शंभर नॅनोटेस्लांनी वरखाली होतो. हे आजचं एकक, तेव्हाची मापं वेगळी होती. दुपार जवळ येईपर्यंत, म्हणजे साधारण दीड तासाच्या आत, तो सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी कोसळला आणि जवळजवळ तेवढ्याच घाईने वर चढू लागला. निरीक्षक वाचत राहिला, लिहीत राहिला.

यंत्र बिघडलं असं म्हणून त्याने ते आकडे खोडले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

आदल्या दिवशी, मुंबईत दुपारचे चार वाजून गेले असताना, इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन हा खगोलनिरीक्षक सूर्यबिंबावरच्या डागांचं चित्र काढत होता. एका मोठ्या डागसमूहावर अचानक दोन पांढरेशुभ्र प्रकाशाचे ठिपके उमटले आणि पाच मिनिटांत मावळले. रिचर्ड हॉजसन याने दुसऱ्या ठिकाणाहून तेच पाहिलं. सूर्यावरचा स्फोट माणसाने प्रत्यक्ष पाहिल्याची ही पहिली नोंद. त्या स्फोटाबरोबर सुटलेला विद्युतभारित वायूचा लोट पंधरा कोटी किलोमीटर पार करून साडेसतरा तासांत पृथ्वीवर येऊन थडकला. एरवी अशा लोटाला दोन-तीन दिवस लागतात. युरोप-अमेरिकेत तारायंत्रांच्या तारांतून ठिणग्या उडाल्या, आणि ध्रुवीय प्रकाश क्यूबापर्यंत खाली दिसला. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत चुंबकाची हालचाल फोटोच्या कागदावर आपोआप उमटत होती. यंत्र आधुनिक होतं. पण हे चुंबकीय वादळ इतकं मोठं होतं की प्रकाशाचा ठिपका कागदाबाहेरच निघून गेला. वादळाचा कळस ज्या क्षणी आला, त्या क्षणी तिथला कागद कोरा राहिला.

मुंबई विषुववृत्ताच्या जवळ. इथे ध्रुवांकडच्या आकाशातल्या विद्युतप्रवाहांचा गोंधळ कमी पोहोचतो, आणि इथे कागदाच्या जागी माणूस बसला होता. आकडा जिथे जाईल तिथवर त्याची नजर गेली. त्या वेळचे वेधशाळेचे प्रमुख होते इंडियन नेव्हीचे लेफ्टनंट फर्ग्युसन. त्यांनी ते वर्षभराचे आकडे 1860 साली बॉम्बे एज्युकेशन सोसायटीच्या छापखान्यात ग्रंथरूपाने छापून घेतले. दरवर्षी असा एक ग्रंथ निघायचा आणि त्याच्या प्रती परदेशातल्या वेधशाळांना, विद्वत्सभांना, ग्रंथालयांना जायच्या. 1859 चा ग्रंथही तसाच गेला, आणि फळीवर जाऊन बसला.

या ग्रंथांमागे एका अलिबागकराचा हात आहे, आणि तो आपल्याकडे पुरेसा आठवला जात नाही. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, जन्म 1825, गाव अलिबागजवळचं नागाव. आईवडील लहानपणीच गेले. चुलते बापू छत्रे, बाळमित्रकार, यांनी त्यांना मुंबईला नेलं. एल्फिन्स्टनमधले प्राध्यापक आर्थर ऑर्लेबार यांना या मुलाचं गणित फार आवडलं. ऑर्लेबार यांच्याकडेच कुलाबा वेधशाळा आली, तेव्हा त्यांनी केरूनानांना सहायक म्हणून घेतलं. पोराचं वय तेव्हा पंधरा-सोळा. जर्मनीतल्या गॉटिंगेनहून गाऊस आणि वेबर यांनी जगभर एकाच वेळी चुंबकीय वेध घ्यायची चळवळ उभी केली होती. ईस्ट इंडिया कंपनीने त्यात सिमला, मद्रास, सिंगापूर आणि मुंबई अशी चार ठाणी धरली होती. 1841 पासून मुंबईत नियमित वेध सुरू झाले. बाकीची तीन ठाणी पुढे थंडावली, मुंबईचं चालू राहिलं. सुमारे दहा वर्षं केरूनाना या कामात होते. पुढे पुण्यात ते गणिताचे नामवंत प्राध्यापक झाले, टिळकांचे गुरू झाले, ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ लिहिली, सूर्यावरचे डाग आणि हवामान यांचा संबंध शोधत राहिले. 1859 च्या सकाळी ते कुलाब्याला नव्हते. पण तासातासाला उठून आकडा वाचायची, आणि वाचलेला आकडा पटो न पटो तसाच लिहायची जी शिस्त त्या खोलीत मुरली, ती त्यांच्या पिढीने घालून दिलेली होती. सूर्य आणि कंपास यांचं नातं ज्या आकड्यांनी पुढे उलगडलं, त्या आकड्यांच्या परंपरेच्या मुळाशी सूर्याच्या डागांचं वेड असलेला नागावचा एक माणूस असावा, हे मला फार मोठं वाटतं.

वादळानंतर आठ आठवड्यांनी, 1859 च्याच ऑक्टोबरात, नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांचा जन्म झाला. 1896 साली ते कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले आणि लवकरच त्यांच्यापुढे एक संकट आलं. मुंबईत घोड्यांच्या ट्रामच्या जागी विजेच्या ट्राम येणार होत्या. विजेच्या ट्रामचा प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपतो, आणि जमिनीतून वाहणारी वीज चुंबकमापकाला सूर्याइतकीच खरी वाटते. शहराने ट्राम निवडली. ते साहजिकच होतं. वेधशाळेला हलावं लागणार होतं.

हलायचं कुठे? फार लांब गेलं तर साठ वर्षांची मालिका तुटते. फार जवळ राहिलं तर ट्राम पिच्छा सोडत नाही. शिवाय इथल्या जमिनीखाली काळा पाषाण, आणि त्यात लोहाचे कण. दोन हात बाजूला सरकलं तरी चुंबकाची दिशा बदलू शकते. मूस यांनी निवडलं अलिबाग. मुंबईपासून सरळ रेषेत तीस किलोमीटरच्या आसपास, समुद्रकाठी, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचं ठाणं. (मुंबईचा कुलाबा वेगळा आणि अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला वेगळा, हे बाहेरगावच्या वाचकासाठी सांगून ठेवतो. जिल्ह्याचं नाव 1981 साली रायगड झालं.)

अलिबागच्या किनाऱ्याला सुरूच्या झाडांआड ती वास्तू अजून उभी आहे. तिच्यासाठी पोरबंदरचा दगड आणला, कारण त्यात लोह नाही. खिळे, बिजागऱ्या, कड्या तांब्या-पितळेच्या. नोंदणीच्या खोलीला भोवती दुसरी खोली, म्हणजे भिंतीआड भिंत, जेणेकरून दिवसरात्रीचा उकाडा-गारवा आतल्या चुंबकांपर्यंत पोहोचू नये. एप्रिलच्या काहिलीत कोकणात घर बांधून पाहिलेल्या कुणालाही याची किंमत कळेल.

1904 साली अलिबागचे वेध सुरू झाले. मूस यांनी घाई केली नाही. दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालू ठेवली. त्यातून दोन जागांमधला फरक नेमका कळला आणि कुलाब्याचे जुने आकडे अलिबागच्या नव्या आकड्यांना जोडता आले. 1906 मध्ये कुलाब्याची चुंबकीय मोजणी थांबली. 1907 च्या मे महिन्यात मुंबईत विजेची ट्राम धावली. जागा बदलताना जुनं आणि नवं काही काळ शेजारी चालवायचं, ही मूस यांची पद्धत पुढे नोंदी ठेवण्याचं साधन बदलतानाही वापरली गेली असती तर आज अनेक संस्थांची दप्तरं वाचली असती, असं मला राहून राहून वाटतं.

1910 साली मूस यांनी 1846 ते 1905 या काळातल्या सगळ्या मोजणीचा विचार करणारे दोन जाडजूड खंड छापले. वादळात आडवा घटक झपाट्याने पडतो आणि मग काही दिवस रेंगाळत सावरतो, ही चाल त्यांनी त्यात मांडली. आज जगभर वादळाचं बळ ज्या निर्देशांकाने मोजतात, त्यामागे हीच चाल आहे. पुढच्या संशोधकांना ती थेट पानांवरून वाचता आली, कारण मूस यांनी निष्कर्षांबरोबर आकडेही छापले होते.

आता त्या छापील पानाकडे जरा जवळून पाहू. वार्षिक ग्रंथात एका घटकाला, एका महिन्याला एक पान. डावीकडे तारखा, 1 ते 31. वर चोवीस तासांचे चोवीस रकाने. खाली सरासरी. म्हणजे एका पानावर 744 आकडे. बलाचे तीन घटक धरले तर वर्षाची छत्तीस पानं. हे सुटसुटीत होतं, छापता येत होतं, टपालाने पाठवता येत होतं. शंभर वर्षं जगाचं काम या छत्तीस पानांवर चाललं. 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात जागतिक विदा केंद्रं उभी राहिली. मग फोटोच्या कागदावरच्या रेषांची, म्हणजे मॅग्नेटोग्रामची, मायक्रोफिल्म काढून देशोदेशी जाऊ लागली. नंतर चुंबकीय फिती आल्या. 1971 मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्था स्वतंत्र झाली आणि अलिबागसह देशातल्या ठाण्यांचे आकडे वार्षिक ग्रंथांत छापत राहिली.

पण विज्ञानाची भूक तासावर भागेना. उपग्रह, वीजवाहिन्या, तेलाच्या नळवाहिन्या, या सगळ्यांना मिनिटामिनिटाचं चुंबकीय हवामान हवं होतं. 13 मार्च 1989 रोजी एका सौर वादळाने कॅनडातल्या क्वेबेक प्रांताची वीज नऊ तास घालवली. ग्रिड कोसळायला दीड मिनिटही लागलं नव्हतं. तासाच्या सरासरीच्या पानावर त्या दीड मिनिटाला जागाच नाही.

मिनिटाचे आकडे छापायचे तर हिशेब असा: छत्तीस पानांचे साठपट, म्हणजे 2,160 पानं. एका ठाण्याची, एका वर्षाची. जगातली साठ ठाणी धरली तर एक लाख तीस हजारांच्या घरात. असा ग्रंथ कुणी छापणार नाही, आणि छापलाच तर कुणी उघडणार नाही.

इथे तबकडी आली. 1982 साली फिलिप्स आणि सोनी यांनी गाण्यांसाठी बाजारात आणलेली बारा सेंटिमीटरची सीडी काही वर्षांतच आकड्यांसाठी आणि मजकुरासाठी वापरात आली. पारदर्शक प्लास्टिकवर पाच किलोमीटरहून लांब अशी एकच गुंडाळलेली वाट. त्या वाटेवर अर्धा मायक्रॉन रुंदीचे खड्डे. वर ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा. अवरक्त लेसरचा किरण त्यावरून फिरतो, आणि परतणारा उजेड जिथे बदलतो तिथे यंत्र एक वाचतं, जिथे तसाच राहतो तिथे शून्य. ओरखडा आला तर हरवलेला आकडा शेजारच्या आकड्यांवरून परत काढता यावा म्हणून गणिती तरतूद आधीच पेरलेली. एका तबकडीत 650 मेगाबाइट.

जगातल्या चुंबकीय वेधशाळांचं इंटरमॅग्नेट नावाचं जाळं 1980 च्या दशकाच्या अखेरीस उभं राहिलं. त्याने 1991 या वर्षाच्या आकड्यांपासून दरवर्षी एक सीडी काढायला सुरुवात केली. एका ठाण्याचं एक वर्ष त्यांच्या ठरलेल्या साच्यात साडेआठ मेगाबाइटच्या आसपास बसतं. म्हणजे जगातली सत्तरेक ठाणी, प्रत्येकाचं वर्षातलं प्रत्येक मिनिट, एका तबकडीत. एक लाख तीस हजार पानांचा ग्रंथ पंधरा ग्रॅमचा झाला आणि साध्या पाकिटातून टपालाने निघाला. 1990 च्या दशकात अलिबागही त्या तबकडीवर आलं. किनाऱ्यावरच्या दुहेरी भिंतींआड उमटलेला आकडा ब्राझीलमधल्या, जपानमधल्या, नायजेरियातल्या विद्यार्थ्याच्या टेबलावर त्याच तबकडीत ब्रिटन-फ्रान्सच्या आकड्याशेजारी बसू लागला. त्यासाठी कुणाला ग्रंथालयाचं पत्र नको, मायक्रोफिल्म वाचायचं यंत्र नको, पैसे नकोत. मोठ्या ग्रंथालयापासून लांब असलेल्या देशांतल्या संशोधकांसाठी ही किती मोठी मोकळीक होती, ते आज इंटरनेटच्या काळात पटकन लक्षात येत नाही.

तबकडीवर नुसते आकडे नव्हते. प्रत्येक ठाण्याची माहिती होती, आणि बेसलाइनचा आलेख होता. ही बेसलाइन म्हणजे या धंद्याचा कणा. आपोआप नोंद करणारं व्हेरिओमीटर फक्त चढउतार सांगतं. बल मुळात किती, दिशा मुळात कोणती, हे माणसाने जाऊन मोजावं लागतं. आजही अलिबागला असं मूळ माप, म्हणजे ॲब्सोल्यूट, घ्यायचं म्हटलं की निरीक्षक आधी खिसे रिकामे करतो. किल्ल्या, मोबाइल, घड्याळ, पट्ट्याचं बक्कल, चष्म्याची लोखंडी दांडी, सगळं बाहेर. मग लोहविरहित थिओडोलाइटवर बसवलेला संवेदक फिरवून तो दिशा आणि नती यांचे कोन वाचतो आणि प्रोटॉन चुंबकमापकावर एकूण बल घेतो. अलिबागच्या आडव्या घटकाचा आकडा सुमारे 38 हजार नॅनोटेस्ला. त्यातला एक-दोनचा फरकही इथे सोडायचा नसतो. वर्षभराची अशी मापं जुळवून झाली, की मगच त्या वर्षाचे आकडे पक्के होतात. म्हणून तबकडी वर्ष-दोन वर्षं मागे राहायची. लोक त्याला उशीर म्हणायचे. मला तो उशीर प्रामाणिक वाटतो.

आणि आता ते फळीवर बसलेलं पुस्तक.

तबकडीचं युग ऐन भरात असताना, 2001-02 च्या सुमारास, अंतराळ हवामानाच्या अभ्यासकांपुढे एक प्रश्न ठळक झाला होता: सूर्य जास्तीत जास्त किती तडाखा देऊ शकतो? तबकड्या 1991 पासूनच्या. वादळाचं बळ मोजणारा निर्देशांक 1957 पासूनचा. त्यातलं सगळ्यात मोठं वादळ 1989 चं, सुमारे उणे 589 नॅनोटेस्ला. एवढ्याशा काळावरून सूर्याची कमाल मर्यादा सांगणं म्हणजे अंदाजच. 1859 चं वादळ मोठं होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. किती मोठं, याचा आकडा कुणाकडे नव्हता, कारण युरोपातल्या कागदांवर ठिपका बाहेर गेलेला.

तो आकडा मुंबईत होता. भूचुंबकत्व संस्थेचे तेव्हाचे संचालक गुरबक्ष सिंग लाखीना आणि संस्थेतल्या संशोधक शोभना अ‍ॅलेक्स यांनी कुलाब्याच्या 1859 च्या नोंदी काढल्या. अमेरिकेतल्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचे ब्रूस त्सुरुतानी आणि ब्राझीलचे वॉल्टर गोन्झालेझ यांच्यासह त्यांनी त्या नोंदी सौर वाऱ्याच्या आजच्या ज्ञानाशी ताडून पाहिल्या. दीड तासात खोल गेलेली आणि तितक्याच वेगाने वर आलेली ती रेषा. जुलै 2003 मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. कुलाब्याची घसरण 1600 नॅनोटेस्ला, वादळाचा निर्देशांक उणे 1760. क्वेबेक बंद पाडणाऱ्या वादळाच्या जवळजवळ तिप्पट. निबंध निघून चार महिने होत नाहीत तोच, ऑक्टोबर 2003 च्या अखेरीस, सूर्याने एकामागून एक मोठे स्फोट केले आणि स्वीडनमधल्या माल्मो शहराची वीज गेली. आता तो आकडा इतिहासाचा राहिला नव्हता. विमा कंपन्या, वीज मंडळं, उपग्रह चालवणारे, सगळ्यांच्या अहवालांत मुंबईची ती सकाळ येऊ लागली.

मग वाद झाला, आणि त्या वादामुळे कागदाचं मोल आणखी वाढलं. काही अभ्यासकांचं म्हणणं असं की निर्देशांक तासाच्या सरासरीवर मोजतात, मग 1859 ला एका क्षणाचा आकडा का लावायचा? आणखी कुणी म्हणालं, एवढी झटपट सावरणारी दरी पृथ्वीभोवती दूरवर फिरणाऱ्या वलयप्रवाहामुळे पडली असेल की डोक्यावरच्या आकाशातल्या प्रवाहामुळे? फर्ग्युसन यांनी फक्त तासाची सरासरी छापली असती तर हा वाद चालवताच आला नसता. पण ग्रंथात पाच-पंधरा मिनिटांची सुटी वाचनंही होती. ती घेऊन नव्याने सरासरी काढली तेव्हा निर्देशांक उणे 900 च्या आसपास येतो असं निघालं. उणे 1760 पेक्षा पुष्कळ कमी, आणि तरीही 1989 च्या दीडपट. 2022 साली हिसाशी हायाकावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा तोच ग्रंथ उघडला आणि आडव्या घटकाबरोबर दिशा आणि उभा घटक असे तिन्ही घटक मांडले. फर्ग्युसन यांनी छापून ठेवलेला कच्चा माल एकशेसाठ वर्षांनंतरही संपलेला नाही.

यावरून कागद श्रेष्ठ आणि तबकडी कनिष्ठ असा निकाल काढणाऱ्यांशी माझं भांडण आहे. 2,160 पानं छापणं शक्य नव्हतं. तबकडी नसती तर अलिबागची ती सगळी मिनिटं अलिबागलाच राहिली असती. पण अलिबागजवळच्या रेवसच्या धक्क्यावरून माल पलीकडे नेणाऱ्या मचव्याला कुणी कोठार समजत नाही, आपण तबकडीला मात्र कोठार समजलो. ती माल पोहोचवायला उत्तम होती, साठवायला नव्हती. ॲल्युमिनियमचा मुलामा दमट हवेत काळवंडतो. घरी लिहिलेल्या सीडीतला रंग उन्हाने उडतो. 2001 साली मध्य अमेरिकेतल्या बेलीझहून आलेल्या एका सीडीवर चक्क बुरशी वाढलेली सापडली, तिने आतला मुलामा खाल्ला होता. बेलीझची हवा ही आपल्या कोकणासारखीच हवा. जुलै-ऑगस्टात अलिबागच्या कपाटात ठेवलेल्या चामड्याच्या चपलेवर काय येतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. आणि तबकडी धड राहिली तरी ती वाचणारं यंत्र? आज दुकानात नवा लॅपटॉप घ्या, त्याला सीडीची फटच नसते.

इंटरमॅग्नेटच्या आकड्यांचं तसं झालं नाही, याचं कारण साधं आहे. आकडे कुठल्या क्रमाने, कुठल्या साच्यात लिहिलेत, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून उघड छापलं होतं. तबकडीसोबतचं जुनं सॉफ्टवेअर निकामी झालं तरी कुणीही नवं लिहू शकत होता. आणि एकाच तबकडीच्या प्रती डझनावारी देशांत होत्या, अगदी 1860 च्या ग्रंथासारख्याच. पुढे सीडीची डीव्हीडी झाली, मग तबकडी काढणंच बंद झालं. आता 1991 पासूनचे पक्के आकडे इंटरनेटवर कायमच्या ओळखक्रमांकासह मिळतात, चूक सापडली तर सुधारून. तबकडीत चूक गेली की गेली, पुढच्या वर्षीच्या तबकडीत शुद्धिपत्र घालावं लागायचं.

खरी उरलेली अडचण तबकडीच्या आधीच्या काळाची आहे. भूचुंबकत्व संस्था आता नवीन पनवेलला, म्हणजे रायगड जिल्ह्यातच आहे, आणि जागतिक विदा केंद्र तिथून चालतं. कुलाब्यात 1872 पासून फोटोच्या कागदावर नोंद सुरू झाली, अलिबागने ती पुढे दशकानुदशकं चालवली. दिवसाला एक लांबट कागद, त्यावर काळसर रेघा. वार्षिक ग्रंथांत त्या रेघांमधले तासाचे आकडे आले, मधली मिनिटं रेघेतच राहिली. ते कागद स्कॅन केले की हाती येतं ते चित्र. त्याचे आकडे करायचे तर कुणीतरी रेघ धरून चालावं लागतं. कुठे रेघा एकमेकींना छेदतात, कुठे वादळात ठिपका इतका धावला की रेघ पुसट झाली. वेळेच्या खुणा तपासायच्या, त्या दिवसाची बेसलाइन जुन्या वहीतून शोधायची, तापमानाची दुरुस्ती करायची. संगणक मदत करतो, पण जिथे रेघा एकमेकींत गुंततात तिथे जाणत्या माणसाची नजर लागते. 1872 च्या फेब्रुवारीतल्या वादळावर 2023 मध्ये जो निबंध आला, त्यात कुलाब्याच्या अशाच जुन्या नोंदी उपयोगी पडल्या, आणि ते वादळही 1859 च्या पंक्तीला बसणारं निघालं. अशी आणखी किती वादळं त्या कागदांच्या रेघांत मिनिटामिनिटाने पडून आहेत, ते रेघा आकड्यांत उतरल्यावरच कळेल. त्याला माणसं लागतील, वर्षं लागतील आणि पैसा लागेल. 10 मे 2024 च्या रात्री लडाखमधल्या हानळेच्या आकाशात सौर वादळाचा लाल प्रकाश दिसला, तेव्हा मिनिटाचे आकडे काही वेळातच सगळ्या जगापुढे होते. तेच सुख 1872 च्या, 1909 च्या, 1921 च्या वादळांना मिळावं, इतकी सोय आता आपल्या हातात आहे. कागद अजून धड आहेत तोवर हे काम उरकायला हवं.